माळ्यावरची मॅन्डोलिन विकण्याआधी

अगं, सासऱ्यांची मॅन्डोलिन माळ्यावरून काढलीस, पुसलीस आणि आता फोटो टाकून विकणार आहेस, असं तू फोनवर म्हणालीस. विकायला माझी ना नाही. घरात वाजवणारं कोणी नसेल तर वाद्य वाजवणाऱ्याच्या घरी गेलेलं बरं. पण त्यापुढे तू म्हणालीस, "आधी जरा सुरात लावून बघते," तिथे मी तुला घाईघाईने थांबवलं. का थांबवलं ते फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

वर्षानुवर्षं सैल पडलेल्या तारा एकदम ओढायच्या नसतात. मॅन्डोलिनला तारा आठ, जोड्या चार. त्या सुरात आल्या की आठांची मिळून ओढ सत्तर किलोच्या घरात जाते. एवढा भार दांडीचा सांधा आणि वरची फळी, म्हणजे तबली, आज पेलू शकते की नाही हे तुला ठाऊक नाही आणि मलाही नाही. शिवाय गंजलेली तार तुटली तर सरळ डोळ्यावर येते. तेव्हा पहिले दोन दिवस कान बाजूला ठेव. फक्त डोळे वापर.

तुमचा वाडा पंचवटीतला, माळ्यावर पत्रा. वैशाखात नाशकात पारा चाळिशीला टेकतो आणि पत्र्याखाली त्याहून चढतो. श्रावणात तोच माळा ओला, पौषात गारठलेला. लाकूड दरवर्षी फुगलं, आकसलं. सरसाने जोडलेलं वाद्य असेल तर उष्णतेने सरस मऊ पडतो आणि सांधा हळूहळू सरकतो. म्हणून सांध्यांपासून सुरुवात कर. दांडी पोटाला जिथे मिळते तिथे मागच्या बाजूने लग्नपत्रिकेच्या कागदाचा कोपरा घालून बघ. आत शिरला तर तिथेच थांब. तारा चढवायच्या नाहीत, काही करायचं नाही. ती मॅन्डोलिन 'दुरुस्तीला आलेली' असं लिहून कमी पैशात द्यायची किंवा आधी चांगल्या कारागिराकडे न्यायची. उघड्या सांध्यावर तारा चढवून विकली तर घेणाऱ्याच्या घरी महिन्याभरात दांडी पुढे झुकते आणि तारा बोटांना कापायला लागतात.

सांधा घट्ट असेल तर रात्री खोलीतले दिवे घालव आणि मोबाइलची बत्ती वाद्याच्या तोंडाशी धरून आत उजेड सोड. कडेची जोड कुठे उघडली असेल तर तिथून उजेडाची बारीक रेघ बाहेर दिसते. दिवसा न दिसणारी भेग अशी सापडते. मग बोटाच्या पेराने तबलीवर ठिकठिकाणी हलकेच टकटक कर. सगळीकडे एकसारखा आवाज आला तर ठीक. एखाद्या जागी फुटक्या मडक्यासारखं वाजलं तर आतली आधारपट्टी सुटलेली आहे. तबलीखाली पिठासारखा भुगा पडलेला दिसला, बारीक भोकं दिसली, तर कीड आहे. मग ते वाद्य घरातल्या बाकी लाकडापासून लांब ठेव आणि विक्रीचा विचार पुढच्या महिन्यावर टाक. कीड लागलेलं वाद्य लपवून विकणं म्हणजे दुसऱ्याच्या कपाटात कीड पाठवणं.

आणखी एक बघ. दांडीवरच्या पडद्यांच्या टोकांवरून बोट फिरव. टोकं टोचत असतील तर दांडीचं लाकूड सुकून आकसलंय आणि धातू मात्र होता तेवढाच राहिलाय. घाबरण्यासारखं त्यात काही नाही, बारीक कानशीने कारागीर अर्ध्या तासात काढतो. वाद्य किती कोरडं पडलं होतं ते मात्र त्यावरून कळतं. वाळवंटी कोरडेपणात तबलीलाही भेग गेलेली असते, ती घोडीपासून, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीपासून, शेपटीकडे शोधायची.

आता ती कुठल्या जातीची ते ओळख. आपल्याकडे माळ्यांवरून जास्त करून तीन प्रकार निघतात. पहिली सपाट किंवा किंचित फुगीर पाठीची, देशी बनावटीची. कोलकात्याच्या रवींद्र सरणीसारख्या रस्त्यांवर वाद्यांची दुकानं ओळीने आहेत, तसल्या कारखान्यांतून शिकाऊ मॅन्डोलिनी देशभर जात आल्या आहेत. दुसरी वळणदार शिंग असलेली, तबलीवर इंग्रजी एफच्या आकाराची दोन छिद्रं. हा नमुना अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीने लॉइड लोअर यांच्या देखरेखीखाली १९२२ च्या सुमारास काढला आणि त्याच्या नकला आजही जगभर होतात. डोक्यावर 'गिब्सन' लिहिलंय म्हणून हुरळू नकोस, नाव चिकटवायला दोन मिनिटं लागतात. त्या छिद्राच्या कडेकडे निरखून बघ. थरांवर थर दिसले तर प्लायवूड. रेषा वरून खाली सलग गेलेल्या दिसल्या तर अखंड लाकूड. अखंड लाकडाचा भाव वेगळा.

तिसरी गोल पोटाची, भोपळ्याच्या अर्ध्या फाकेसारखी, पट्ट्या जोडून केलेली. ती इटलीतल्या नेपल्सची घडण. देवळाली कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांतून किंवा शरणपूर भागातल्या ख्रिस्ती घरांतून कधी अशी निघाली तर मला आश्चर्य वाटत नाही. तुझ्याकडची ती असेल तर तीन गोष्टी लक्षात ठेव. तिची तबली घोडीच्या मागे मुद्दाम वाकवलेली असते. तो बाक पाहून 'तबली बसली' असं कोणी म्हणालं तर त्याला ती जात माहीत नाही. दुसरं, तिला आतून लोखंडी सळई नसते, म्हणून तारा हलक्यातल्या हलक्या. तिसरं जास्त महत्त्वाचं. छिद्राच्या बाजूला काळपट-तपकिरी झाक असलेली नक्षीदार चकती बसवलेली असते. ती बहुतेक वेळा सेल्युलॉइडची असते, पण खूप जुन्या वाद्यांत खरीखुरी कासवाच्या पाठीची असू शकते. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कासवाच्या पाठीच्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीला मनाई आहे. शंका असेल तर जाणकाराला दाखवल्याशिवाय जाहिरात करू नकोस.

एवढं सगळं ठीक निघालं की मग तारा. जुन्या तारांवर वाद्य विकायला काढू नये, हा माझा हट्ट आहे. नव्या तारांचा संच काही शे रुपयांचा आणि त्यावाचून घेणाऱ्याला आवाजाचा अंदाजच येत नाही. हलका संच घे, सर्वांत बारीक तार ०.०१० इंचाची असते तो. आधी तळाची पत्र्याची पकड बघ. तिला आकडे असतील तर टोकाला फासा असलेल्या तारा लागतात, गिटारच्या गोळीच्या तारा तिथे बसत नाहीत.

मुख्य पथ्य इथे आहे. मॅन्डोलिनची घोडी चिकटवलेली नसते. ती तारांच्या दाबानेच उभी असते. सगळ्या तारा एकदम काढल्यास की घोडी पडली आणि तिची जागा गेली. म्हणून आधी घोडीच्या दोन्ही पायांशी कागदी चिकटपट्टीने खूण कर आणि एकेक तार बदल. एक काढायची, नवी घालायची, थोडी ताणायची, मग दुसरी. घोडी आधीच पडलेली असेल तर फूटपट्टी घे. नटापासून, म्हणजे दांडीच्या डोक्याकडच्या खाचांच्या पट्टीपासून, बाराव्या पडद्यापर्यंतचं अंतर मोज. आजच्या घडणीत ते साडेसतरा सेंटिमीटरच्या आसपास भरतं, गोल पोटाच्या थोड्या आखूड असतात. बाराव्या पडद्यापासून घोडीपर्यंत तेवढंच, वर मिलिमीटर-दोन मिलिमीटर जास्त. त्यानंतरचं काम कानाचं. बाराव्या पडद्याच्या वर तारेला नुसता स्पर्श करून वाजव, मग तीच तार त्या पडद्यावर दाबून वाजव. दाबलेला सूर चढा आला तर घोडी शेपटीकडे सरकव, उतरता आला तर दांडीकडे. एका वेळी केसभर. बारीक जोडीची बाजू आणि जाड जोडीची बाजू यांत घोडी किंचित तिरपी बसली तर घाबरू नकोस, ती तशीच बसते.

सूर कसे लावायचे विचारलंस. पाश्चात्त्य पद्धतीत खालून जी, डी, ए, ई. व्हायोलिनला लावतात तेच. तुला पेटीच्या हिशेबाने सांगायचं तर प्रत्येक जोडी आधीच्या जोडीचा पंचम. जाड जोडीला सा धरलास तर पुढची प, तिसरी वरच्या सप्तकातली रे, चौथी वरचा ध. फोनवरचा ट्यूनर वापर, लाजायचं कारण नाही. पण जोडीतल्या दोन तारा एकमेकींशी मिळाल्या आहेत की नाही हे कानानेच बघ. दोन्ही एकत्र छेड. आवाजात लाटा येत असतील तर त्या मिळालेल्या नाहीत. हे इतक्या जोमाने सांगतोय कारण घेणारा सर्वांत आधी तेच ऐकतो. मिळालेली जोडी झंकारते, न मिळालेली रडते. नव्या तारा दोन-चार दिवस सैलावत राहतात, तोवर सकाळ-संध्याकाळ सूर लावत राहा. लावताना घोडी दांडीकडे ओढली जाते, तिची पाठ सरळ उभी आहे ना, हे दर वेळी बघ.

खुंटी फिरवताना 'टिक टिक' असं उडी मारत सूर सरकत असेल तर तार नटाच्या खाचेत अडकते आहे. पेन्सिलचं टोक त्या खाचेत फिरव. दोष बहुधा जातो. खुंट्यांच्या दातेरी चाकांना शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरे. खोबरेल तेल कशालाही लावायचं नाही. ते सुकून चिकट होतं, धूळ धरतं आणि दांडीला खवट वास येतो.

तारेची उंची बाराव्या पडद्याशी मोज. पडद्याच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत दीड ते दोन मिलिमीटर असेल तर शिकणाऱ्याचं बोटही खूश आणि वाजवणाऱ्याचंही. घोडीला दोन चाकं असतील तर त्यांनी उंची कमी-जास्त होते, पण आधी तारा सैल करायच्या. ताणलेल्या तारांखाली चाकं फिरवलीस तर आटे जातात. चाकं नसलेली अखंड लाकडी घोडी असेल तर तिला हात लावू नकोस, ते कारागिराचं काम.

आता ती उंची तारखेसह कागदावर लिहून ठेव आणि वाद्य सुरात लावून आठ दिवस खोलीत ठेव, उन्हाशी नाही, पंख्याखालीही नाही. आठव्या दिवशी परत मोज. आकडा तोच राहिला तर मॅन्डोलिन निरोगी आहे. वाढला असेल तर आत कुठेतरी काहीतरी ढिलं पडतं आहे, दांडी नाहीतर तबली. बाजारात सेकंडहँड वाद्य विकणारे ही आठ दिवसांची परीक्षा करत नाहीत, कारण त्यांना थांबायला वेळ नसतो. तुला वेळ आहे. तो कागद घेणाऱ्याला दे. माझा अनुभव असा की या एका कागदामुळे घासाघीस निम्म्याने कमी होते.

कारागिराकडे न्यायची वेळ आलीच तर एक सावधानता. आपल्या महाराष्ट्रात तंतुवाद्य म्हटलं की मिरज. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथल्या हाताबद्दल माझ्या मनात पूर्ण आदर आहे. पण तंबोऱ्याचा कान असलेला माणूस मॅन्डोलिनच्या घोडीलाही नकळत जवारी काढायला जातो. तंबोऱ्यात तार घोडीच्या पृष्ठावर घासते, त्यातून तो भरलेला नाद येतो. मॅन्डोलिनची तार घोडीवर एका धारेवरच टेकली पाहिजे. तिथे नाद घरघरायला लागला की तो दोष. म्हणून गिटार किंवा व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्याकडे जा. त्याला पहिल्यांदाच सांग, "घोडीचा माथा पसरट करू नका, पाय मात्र तबलीवर नीट बसवा." पाय बसलेत की नाही हे तूही बघू शकतेस. कागदाचा चिटोरा पायाखाली सरकवून बघायचा, कुठेही आत जाता कामा नये.

आता पडद्यांबद्दल. पहिल्या तीन-चार पडद्यांवर तारांखाली खाचा पडलेल्या असतात, कारण बहुतेकांची बोटं तिथेच नांदतात. प्रत्येक जोडी प्रत्येक पडद्यावर एकदा वाजव आणि कुठे झरझर येते ते लिहून काढ. खाचा उथळ असतील तर घासून सारख्या होतात. पडदे बदलायची वेळ आली असेल तर खर्च आणि वाद्याची किंमत समोरासमोर ठेव. प्लायवूडच्या शिकाऊ मॅन्डोलिनचे पडदे बदलणं म्हणजे विक्रीतून येणारे पैसे आधीच देऊन टाकणं. जशीच्या तशी विक आणि सांगून विक.

इथे एक गंमत सांगतो. १९९५ मध्ये 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' आला, शाहरुखच्या हातात मॅन्डोलिन दिसली आणि हौसेने घेतलेल्या कितीतरी मॅन्डोलिनी गाणं जुनं होताच भिंतीवर गेल्या. अशा वाद्याचे पडदे कोरे करकरीत असतात. सासऱ्यांनी तेव्हाच घेतलेली असेल तर तुझं नशीब. रोज वाजवलेल्या वाद्याचे पडदे झिजतात पण आवाज मोकळा झालेला असतो. घेणारा कोण आहे त्यावर कुठलं सांगायचं ते ठरव.

पॉलिश करू नकोस. हे तीनदा लिहावंसं वाटतं. नवी जाड वॉर्निश तबलीवर बसली की ती कंप पावेनाशी होते आणि जाणकार घेणारा जुनी चमक गेलेली पाहून लगेच विचारतो, "काय झाकलंय?" ओलसर फडका, मग कोरडा फडका, बस्स. पडद्यांचा काळेपणा काढायचा असेल तर दांडीवर कागदी चिकटपट्टी लावून अगदी बारीक स्टीलवूलने हलकेच घास आणि त्याचे तुकडे झटकून टाक.

फोटो काढताना सगळ्यात आधी दोष. भेग, ओरखडा, बदललेली खुंटी, जे असेल ते जवळून. मग आतली चिठ्ठी, डोक्याची पाठ, दांडीचा सांधा आणि बाजूने फूटपट्टी लावून तारेची उंची. व्हिडिओ करायचा तर त्यात आधी मोकळ्या जोड्या एकेक वाजव, मग प्रत्येक पडदा. गाणं शेवटी, वाजवता येत असेल तर. जाहिरातीत 'मॅन्डोलिन, आठ तारांची' असं पूर्ण लिही, नाहीतर बेंजो पार्टीवाल्यांचे फोन येतील. त्यांना हवा असतो तो टाइपरायटरसारखी बटणं असलेला बेंजो, लग्नाच्या वरातीतला. दोन्हींचा संबंध नाही. दक्षिणेकडचं कोणी फोन करून 'एकेरी तारांची, इलेक्ट्रिक आहे का' विचारेल. यू. श्रीनिवास यांनी कर्नाटक संगीत तशा मॅन्डोलिनवर वाजवलं, त्या घडणीचं वाद्य वेगळं.

आणि सासऱ्यांच्या आठवणी किमतीत घालू नकोस. मुंबईत जुनी मॅन्डोलिन विकणारा एकही जण मला असा भेटलेला नाही, ज्याची मॅन्डोलिन कुठल्या ना कुठल्या गाजलेल्या गाण्यात वाजलेली नव्हती. सज्जाद हुसेन यांच्यासारखा वादक आणि संगीतकार, किशोर देसाई, संगीतकार होण्याआधी मॅन्डोलिन वाजवणारे लक्ष्मीकांत कुडाळकर, असे मोठे हात या वाद्याला हिंदी सिनेमात मिळाले, म्हणून हे खपतं. पुरावा म्हणून फोटो, पावती, रेकॉर्डिंग असेल तर सांग. नसेल तर "आमच्या घरात वाजायची" एवढं पुरेसं आहे आणि खरंही आहे.

किंमत ठरवताना मुंबईला धोबी तलावाजवळच्या फुर्टाडोजसारख्या दुकानात फोन करून आज नवी शिकाऊ मॅन्डोलिन कितीला आहे ते विचार. त्याच्यावर जायचंच नाही, वाद्य अखंड लाकडाचं असल्याशिवाय. साधी देशी, पडदे बरे, आठ दिवसांच्या परीक्षेत पास झालेली असेल तर मी नव्याच्या निम्म्याच्या आसपास बोलायला सुरुवात करेन. तारांचे आणि कानशीचे पैसे वेगळे मागू नकोस. घेणाऱ्याला घरी बोलाव, चहा दे, वाद्य हातात दे आणि गप्प बस. जो ते मांडीवर घेऊन दहा मिनिटं सुरांत हरवतो तो घासाघीस कमी करतो. जो नुसता उलटसुलट करून डोक्यावरचं नाव वाचतो तो पुढे विकायला नेणार, त्याला शेवटची किंमत पहिल्यांदाच सांग.

घेणारा मुंबईचा असेल आणि पंचवटी एक्स्प्रेसने नेणार असेल तर प्रवासाआधी सगळ्या तारा एक-दोन सूर उतरव. पूर्ण सैल मात्र करायच्या नाहीत, घोडी पडेल. तारा आणि दांडी यांच्यामध्ये जाड कागद घाल, घोडीच्या दोन्ही बाजूंना मऊ फडका, म्हणजे डब्यात हलली तरी घोडी तबलीला खरचटणार नाही. चिकटपट्टीची खूण काढू नकोस, त्याला दाखव आणि सांग की पहिल्या आठवड्यात रोज सूर उतरतील. मॅन्डोलिनचा जुना डबा असेल तर तोही दे. माळ्यावर परत चढवलास तर त्यात झुरळं घर करतील.